आष्टीच्या पुढची सिंगल बेल

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंट करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. अजूनही नाही, आणि तोच तर ताप आहे! ज्यांचा विश्वास असतो त्यांचं बरं असतं. लिंबू उतरवतात, नारळ फोडतात आणि निवांत झोपतात. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात उतारा, अंगारा, अंगात येणं सगळं बंद. बावीस प्रतिज्ञा मला शाळेत जायच्या आधी पाठ होत्या. बाकीचे ड्रायव्हर गाडीला लिंबू-मिरची बांधतात, मी कधी बांधली नाही. उलट बांधणाऱ्यांना चिडवायचो. आता ते मला चिडवतात... असो.

नावं बदलली आहेत. मला विलास म्हणा. राहायला वर्ध्याला, पिपरी मेघेत. नोकरी एस.टी.त ड्रायव्हर, बावीस वर्षं. डेपो कुठला ते लिहीत नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून एक कोंबडीसुद्धा मेलेली नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे वाचताना काही शहाणे म्हणतील की याला गाडीच चालवता येत नसेल.

तर झालं असं. गेल्या डिसेंबरात तीन दिवस सुट्टी मिळाली. मला वाटलं, घरी पडून राहीन. रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर स्टेअरिंग धरणाऱ्या माणसाला सुट्टीत काय पाहिजे? खाट पाहिजे. पण आमच्या आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि तिने एकच धोशा लावला होता... मले डोंगर दाखव. वडीलही एस.टी.त ड्रायव्हरच होते. ते तिला आयुष्यभर 'पचमढीले नेतो' म्हणत राहिले आणि न नेताच गेले. आई म्हणे, "तुह्या बापानं तं फसवलं, तू तरी नको फसवू बाप्पा."

झालं. बायको वंदना लगेच आईच्या बाजूने. माझा साळा प्रकाश, पुलगावला त्याचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, तोही तयार. "भाऊजी, तुमची जुनी गाडी मी फिट करून देतो, तुमी फक्त चालवा." मी फक्त चालवा! सुट्टीच्या दिवशी!

एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. परत आल्यावर मंगळवारी माझी मेडिकल तपासणी होती. डोळे, कान, बीपी, सगळं. आमच्याकडे एकाने तपासणीत सहज सांगितलं की कधीकधी गरगरतं. झालं, स्टेअरिंगवरून खाली. वर्ष झालं, तो बिचारा डेपोत रजिस्टरं उचलतोय. माझं तसं काही नव्हतं, पण वय सत्तेचाळीस, धाकधूक असतेच. मला दुसरं काही येत नाही हो. गाडी काढून घेतली तर माझ्याजवळ काय उरतं?

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. रस्ता असा ठरवला होता : वर्धा, आर्वी, तळेगाव, आष्टी, वरूड, मग मुलताई, बैतूल आणि पुढे पचमढी. मी स्टेअरिंगवर, प्रकाश बाजूला, मागे वंदना आणि आई. आई मधोमध बसते, खिडकीशी नाही. पुढच्या दोन्ही सीटांवर हात टेकवून, वाकून समोर पाहत राहते. बसताना तिने कानाचं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. म्हणे शिट्टी वाजते. मशीन काढलं की तिला ढोल-ताशाही ऐकू येत नाही. म्हणजे तिच्याशी बोलायचं तर गाडी थांबवूनच बोला.

थंडी अशी की बोटं स्टेअरिंगला चिकटली होती. खरांगणा मागे पडलं, झाडी सुरू झाली, जरा ऊन आलं... आणि टण्.

आता ज्यांनी एस.टी.चा प्रवास सोडून दिलाय त्यांच्यासाठी सांगतो. कंडक्टर दोरी ओढतो, ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजते. एकदा वाजली की सिंगल बेल, म्हणजे थांब. दोनदा वाजली की डबल बेल, म्हणजे चल. बावीस वर्षं हे ऐकलं की डोकं विचार करत नाही, पायच ऐकतो. सिंगल बेल झाली की पाय ब्रेकवर. आणि डबल बेल मिळाल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही, मग मागून साहेब ओरडो नाहीतर मंत्री.

मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. एकदम व्यवस्थित, साइड दाखवून.

"काऊन थांबवली वो?" वंदना म्हणाली.

मी काय सांगणार? आमच्या गाडीत घंटी नाही. दोरी नाही. कंडक्टर नाही. तोंडाला आलं ते बोललो, "टायर पाहतो."

खाली उतरलो, चारी टायरांना लाथा मारल्या, परत येऊन बसलो. वाटलं, झोप झाली नसेल. गिअर टाकला आणि पायच उचलेना. तेवढ्यात टण् टण्. गाडी निघाली. जणू काही झालंच नाही. पण घाम फुटला होता मला, त्या थंडीत.

दुसरी बेल आर्वी सोडून तळेगावकडे निघालो तेव्हा. इथे रस्ता सरळ, दोन्हीकडे कापूस, बाया वेचणी करत होत्या. टण्. माझा पाय ब्रेकवर. या वेळी जरा जोरात थांबली गाडी. वंदनाच्या हातातला चिवड्याचा डबा सांडला.

"अवो, आता काय?"

"काही नाही."

"काही नाई तं चाला नं मग!"

मी वाट पाहत बसलो. कशाची? डबल बेलची. हे मी चार माणसांच्या गाडीत कुणाला समजावून सांगू! दोन मिनिटं झाली. प्रकाश माझ्याकडे पाहून राह्यला, वंदना चिवडा वेचून राह्यली. शेवटी स्वतःवरच चिडलो. म्हटलं विलासराव, गाढवपणा पुरे. क्लच सोडला. गाडी बंद पडली. परत चालू केली, परत सोडला, परत बंद. तिसऱ्यांदा तेच. बावीस वर्षांत मी अशी गाडी बंद पाडली नव्हती, शिकाऊ पोरासारखी.

"भाऊजी, एस.टी.तही असंच करता का?" प्रकाश दात काढून म्हणाला.

त्याला काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने उतरून बॉनेट उघडलं. बॅटरी पाहिली, पाइप हलवले, तेल पाहिलं. "काहीच प्रॉब्लेम नाई नं," म्हणाला. आणि तो बॉनेट बंद करून बाजूला झाला तेव्हाच... टण् टण्. मी चावी फिरवली, क्लच सोडला, गाडी लोण्यासारखी निघाली. प्रकाशला गाडीमागे पळत येऊन बसावं लागलं.

मी अंधश्रद्धेवाला नाही, मी कारण शोधणारा माणूस आहे. तळेगावला चहा-पोह्याला थांबलो, तिथे मी सगळी गाडी रिकामी केली. हो, सगळी! बॅगा, चादरी, स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं हॉटेलसमोर मांडलं. डबे टॉवेलात गुंडाळले. चमचे वेगळे केले. सगळ्यांचे मोबाईल बंद केले. सीटखाली हात घालून पाहिलं, तिथे वंदनाचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं. त्यावरून वेगळं भांडण झालं, कारण तेव्हा मी म्हणालो होतो की तूच कुठेतरी टाकलं असशील.

"पण शोधून काय राह्यले?" वंदना वैतागली.

"कशाचा तरी आवाज येते."

"कशाचा?"

"येते कशाचा तरी. तू पोहे खा."

घंटी हा शब्द मी तोंडातून काढला नाही, हे लक्षात ठेवा. मंगळवार डोक्यात होता. ड्रायव्हरला नसलेल्या बेल ऐकू येतात... एवढं बाहेर पडलं तर तपासणीची गरजच नाही, थेट रजिस्टरं उचला.

तर्रीचे पोहे खाऊन झाल्यावर मी चावी प्रकाशला दिली. डोकं दुखते म्हटलं. मनात हिशोब साधा होता : जो चालवत नाही, त्याला बेल ऐकू आली तरी काय फरक पडतो? मी बाजूच्या सीटवर बसलो, बेल्ट लावला. आई मागून आमच्या दोघांच्या मधून समोर पाहत होती. आष्टी गेली. मग रस्ता चढायला लागला, टेकड्या दिसायला लागल्या. संत्र्याच्या बागा, वर सागाची झाडी, आणि लांब निळा सातपुडा. धुकं उतरत होतं. आई एवढी खूश की बोट दाखवून-दाखवून थकली. "होच का पचमढी?" दर वळणाला विचारे. मी ओरडून सांगे, "नाई वो आई, आपण अजून वर्धा जिल्ह्यातच आहो!"

एका चढाच्या वळणावर टण्.

एवढी स्पष्ट की मला वाटलं माझ्या डोक्यावर बसवली आहे. माझा पाय खाली गेला, तिथे ब्रेक नाही, नुसतं पायपुसणं. दातावर दात दाबून बसलो. प्रकाशला काही ऐकू आलं नव्हतं, तो शिट्टी वाजवत चालवत होता. म्हटलं जाऊ दे, निघून जाऊ दे...

तर मागून आई ओरडली, "थांबव परकाश! घंटी वाजली नं! बहिरा आहे का तू?"

प्रकाशने घाबरून ब्रेक मारला.

ठार बहिरी बाई माझ्या साळ्याला बहिरा म्हणत होती, एरवी आम्ही हसून लोळलो असतो. आता मी वळून तिच्याच तोंडाकडे पाहिलं. घंटी हा शब्द आईला कुणी सांगितला? मी नाही. कुणीच नाही.

"कोणती घंटी?" वंदना म्हणाली.

आईने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बसची. आणखी कोणती?"

मग मला बोलावंच लागलं. सगळं सांगितलं, खरांगण्यापासून. प्रकाश आधी हसला, मग त्याने गाडी काढायचा प्रयत्न केला. चालू झाली, क्लच सोडला, बंद. पुन्हा बंद. पुन्हा बंद. त्याचं हसू गेलं. म्हणाला, "ब्रेक जाम झाला असन." चाकं हाताने तपासली, गरम नव्हती. हँडब्रेक खाली. गाडी न्यूट्रलला टाकली आणि आम्ही तिघांनी मागून जोर लावला, तर एक इंच सरकेना. चढ होता, मान्य. मग आम्ही पुढून उताराकडे ढकलली. उताराकडे! तरी नाही. पार्टचं दुकान चालवणारा माणूस डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसला.

आता तुम्ही म्हणाल, पुढे दरड कोसळली असेल. पूल वाहून गेला असेल. वाघ बसला असेल. मलाही तेच वाटलं, म्हणून मी चालत वळण पार करून पुढे गेलो. चांगला अर्धा किलोमीटर गेलो. काही नव्हतं. डांबरी रस्ता, नवा, पट्टे मारलेला. एक ट्रक गेला, दोन मोटरसायकली गेल्या, सगळे सुखरूप. बागेत एक म्हातारा संत्री तोडत होता. त्याला विचारलं, इथे कधी एस.टी.चा अपघात झाला होता का?

"नाई बाप्पा."

एखादा कंडक्टर वगैरे वारला होता का या रूटवर?

"काऊन मरीन?"

मग इथे बस थांबा होता का पूर्वी?

"इथं कायले थांबीन बस? इथं कोणी राह्यतच नाई." आणि वर मलाच विचारतो, "तब्येत बरी आहे नं तुमची? बसा, संत्रं खा."

म्हणजे बघा. लोकांना अनुभव येतात तर त्यामागे एक गोष्ट असते. कुणीतरी मेलेलं असतं, कुणाची इच्छा राहिलेली असते. माझ्या नशिबी ते पण नाही! माझे वडील म्हणाल, तर ते घरी, स्वतःच्या खाटेवर, पोटभर जेवून गेले. आणि ते ड्रायव्हर होते. त्यांनी जन्मात घंटी वाजवली नाही, फक्त ऐकली.

परत आलो तर वंदना गाडीला टेकून उभी होती. डोळे लाल. मंगळवारच्या तपासणीचंही तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग तुमी डॉक्टरले सांगा. हे कानाचं असन नाई तं डोक्याचं. तुमच्या मांगं चव्वेचाळीस लोकं बसते वो."

"सांगितलं की गाडी गेली माझी."

"अन् नाई सांगितलं अन् भर रस्त्यात असा ब्रेक मारला तं?"

ती बरोबर होती, आणि बायको बरोबर असली की माणूस जास्त चिडतो. मी आवाज चढवला, तिनेही चढवला. प्रकाश मध्ये पडून दोघांच्याही शिव्या खाऊन गेला.

आई आतून सगळं पाहत होती. दार उघडून ती हळूहळू खाली उतरली आणि वंदनाचा हात धरला. "काय सांगतं डॉक्टरले? घंटी मलेबी ऐकू आली. तिन्ही वेळा आली. मग माहंबी डोकं फिरलं का? गाडीतच काही असन. इलासले काही नाई झालं."

वंदना तिच्याकडे बघत राहिली. खरंच होतं ते. दोन माणसांना ऐकू आलं म्हणजे तो माझ्या डोक्यातला आवाज नाही. भूत असो, वारा असो, काहीही असो, आजार नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की भुताचं मी स्वागत केलं असतं.

साधारण चाळीस मिनिटांनी टण् टण् झालं. प्रकाश चावी फिरवून-फिरवून कंटाळला होता. मी म्हटलं, "आता सोड क्लच." त्याने सोडला. गाडी निघाली. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पुढच्या रुंद जागेवर गाडी वळवली आणि कुणाला न विचारता आष्टीकडे घेतली.

तर आमच्या तीन दिवसांच्या डोंगरातल्या सहलीचा पहिला दिवस असा. जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा पडलो नाही. आई मागच्या काचेतून मान वळवून डोंगराकडे पाहत होती. आष्टीला प्रकाशने लपून लिंबू-मिरची घेतली, मी ती खिडकीतून फेकली, त्यावरून आमचं वाजलं. तीन वाजता घरी. बांधून नेलेली भाकरी आणि वांग्याचं भरीत आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात, तोंडं फिरवून खाल्लं.

मंगळवारी तपासणी झाली. डोळे चांगले, बीपी ठीक. कानाला ते हेडफोन लावून आवाज ऐकवले. डॉक्टर म्हणाले, "या वयात एवढे चांगले कान मी पाहिले नाहीत." मग फॉर्म भरताना सहज विचारलं, "चक्कर? कानात कसला आवाज? घंटी, शिट्टी असं काही?"

मी म्हणालो, "नाही."

फिट.

वंदना बाहेर बाकावर बसली होती. मी मान हलवली तर तिने तोंड पदरात लपवलं, रडली की हसली कळलं नाही.

अकरा दिवस मी ड्युटी केली. बेल एकदाही चुकीची वाजली नाही. पण सिंगल बेल आली की मी आधी आरशात बघायचो, कंडक्टरचा हात दोरीवर आहे का. तो हात दिसेपर्यंत पाय अडकायचा. अर्धा सेकंद असेल, पण ड्रायव्हरला अर्धा सेकंद काय असतो ते ड्रायव्हरलाच माहीत. कंडक्टर एकदा म्हणाला, "विलासभाऊ, काऊन मले पाहून राह्यले सारखे? पैसे खातो का मी?" मी हसून वेळ मारून नेली. मनाला एकच आधार होता... आईलाही ऐकू आली होती.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मशीन कानात होतं. मीही बसलो सोलायला. तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, "वाजते का अजून?"

"नाही."

"मंग बरं आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "इलास, मले काही ऐकू नाई आलं बाप्पा त्या दिवशी."

मला वाटलं ती दुसरंच काही बोलतेय. "काय?"

"घंटी. मले कुठून ऐकू येईन? मले तं तुहा आवाज ऐकू येत नाई."

"अगं पण तू तर घंटी म्हणाली! मी कुणाला सांगितलं नव्हतं!"

"तुह्या पायाकडे पाह्यत होती मी. ड्रायव्हरची बायको होती, ड्रायव्हरची माय आहे. खड्ड्यासाठी पाय येगळा पडते, ढोरासाठी येगळा, अन् घंटीसाठी येगळा. तुह्या बापाचाबी असाच पडे. पहिल्यांदाच समजलं मले. मंग परकाश चालवत होता तरी तुहा पाय पडला, तं मले भेव वाटलं. म्हटलं हा एकटाच ऐकते तं याले येडा म्हणतीन. तुही गाडी जाईन. म्हणून बोलली."

मी शेंग हातात धरून तसाच बसलो. चिडायचं होतं, पण कुणावर चिडू? तिने माझी नोकरी वाचवली होती. आणि मी तिच्या शब्दावर डॉक्टरला 'नाही' म्हणून अकरा दिवस रोज शेकड्यांनी लोक मागे बसवून फिरवत होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दारापर्यंत माणसं उभी. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचची गाडी होती. पावणेपाचला डेपोत गेलो आणि चावी घेतली नाही. साहेब आल्यावर त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, डॉक्टरला खोटं बोललो तेही. साहेब भले माणूस, ओरडले नाहीत. नागपूरला पाठवलं. तिथे कानाची तपासणी झाली, डोक्याचा फोटो झाला, एका डॉक्टरने लहानपणापासूनचं सगळं विचारलं. सगळं नॉर्मल! अरे, मग काहीतरी ॲबनॉर्मल तरी निघू द्या! नॉर्मल म्हटलं तरी स्टेअरिंग परत मिळत नाही, कारण नसलेली बेल ऐकू आली असं मीच लिहून दिलंय. आता डेपोत बसून आहे. आणि सोबतचे काय म्हणतात माहीत आहे? "विलासनं बसून खायची ड्युटी पाह्यजे म्हणून भुताची गोष्ट रचली." बावीस वर्षं! एक कोंबडी नाही!

प्रकाश त्यानंतर ती गाडी घेऊन मुद्दाम दोनदा त्याच रस्त्याने वरूडपर्यंत जाऊन आला. कुठे बंद पडली नाही. तो अजूनही शोधतोय की त्या दिवशी चाकं काऊन हलली नाहीत. त्याने गाडी पूर्ण खोलून पाहिली, परत लावली, दोन बोल्ट उरले, ते कशाचे तेही त्याला सापडलं नाही.

तर कृपा करून 'भास झाला' असं लिहू नका. माझ्या भासाने प्रकाशच्या हातातली गाडी कशी बंद पडेल? आणि 'आत्मा होता' असंही लिहू नका, कुणाचा ते सांगा आधी. मला कारण माहीत नाही. रोज विचार करतो, रोज चिडतो, आणि तिथेच येऊन थांबतो.

आईने मात्र मनाला लावून घेतलंय. जेवताना घास हातात धरून बसते. म्हणते, मी बोललीच नसती तं तुही गाडी राह्यली असती. परवा मी तिला समोर बसवून सांगितलं की आई, तू खरं बोलली तेच बरं झालं, तुझ्यावर राग नाही माझा. तिने "आँ?" केलं. मशीन परत पर्समध्ये. मग मी ओरडून सांगितलं. मग आणखी ओरडून, इतकं की समोरच्या घरातले लोक भांडण पाहायला दारात आले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. पण मान ती नेहमीच हलवते.